मोठीमायच्या मोहावर ड्रोन

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मी बाकाच्या टोकाला बसायचो, म्हणजे उठायला सोपं. आता चाळिशी आली तरी जेवताना माझा एक पाय हलत असतो आणि बायको ताट स्वतःकडे ओढून घेते. अशा माणसाच्या हातात ड्रोन द्यायला नको होता. पण दिला कोणी? मीच घेतला.

मूलवरून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. रस्ता सोडून चार किलोमीटर आत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या पाठीला लागून जंगल. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, आधारकार्डाचे पासपोर्ट फोटो यावर माझं बरं चाललं होतं. मग लोक विचारायला लागले, ड्रोन आहे का भाऊ? नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जायचे. म्हणून ड्रोन आला.

पहिल्यांदा तो आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर चढवला तो क्षण मी विसरणार नाही. ज्या गावात मी जन्मलो ते मी कधी पाहिलंच नव्हतं, असं वाटलं. तलावाची पाळ, त्याखालच्या धानाच्या बांध्या, पाण्याच्या एकेकट्या लहान बोड्या, कौलांवर वाळत घातलेल्या मिरच्या. आमचं घर तळहाताएवढं आणि अंगणात आई वर तोंड करून उभी. मला रडू आलं. कोणी पाहिलं नाही म्हणून सांगतो आहे.

पण त्या आनंदाला सुरुवातीपासून धाकधूक चिकटलेली. वीस-पंचवीस मिनिटांची बॅटरी, म्हणजे वर गेल्यापासून खाली येण्याची काळजी. वारा सुटला की यंत्र तिरपं धावतं. घारी तर जन्माच्या वैरी असल्यासारख्या झेपावतात. झाडाआड गेलं की पडद्यावर सिग्नल कमजोर असल्याचं येतं आणि मी रिमोट डोक्यावर धरून त्याच्या दिशेनं पळतो. एकदा वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला लग्न होतं. ड्रोन वर गेला तशा मांडवातल्या बाया पदर सावरत आत पळाल्या, आणि एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "कोनाचं होय हे? आमच्यावर पाह्यरा ठेवून राह्यले का?" थोड्या वेळानं तिथल्या नक्षलविरोधी कॅम्पवरचे दोन पोलीस आले. तेही हेच विचारत होते, फक्त आवाज मोठा होता. मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

आता मोठीमायबद्दल सांगायला हवं. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मुली लग्न होऊन राजुऱ्याकडे. तिचं आणि आमचं अंगण एकच, मधे फक्त एक शेवग्याचं झाड. माझी आई आजारी असायची तेव्हा मला हिनं वाढवलं. बोलायला तिखट, हाताला गोड.

तिचा एक मोह आहे. आमच्याकडे जंगलातले मोह घरोघर वाटलेले असतात. सातबाऱ्यावर त्यांची नोंद नसते, पण कोणता मोह कोणाचा हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. भावाभावांत वाटणी होते तेव्हा झाडांचीही होते, आणि दुसऱ्याच्या मोहाखालचं एक फूल कोणी उचलत नाही. मोठीमायचा मोह नाल्याच्या अलीकडे आहे. बुंध्यापासून दोन फाटे झालेले, आणि बाजूला म्हशीएवढा काळा दगड. तिच्या सासूला तो तिच्या सासूकडून मिळाला होता.

मोहफूल मार्चमध्ये पहाटेपासून गळायला लागतं. पण झाडाखाली पानगळीचा थर असतो आणि त्यात फुलं हरवतात. म्हणून बाया आधी झाडाखालचा पाला जाळतात. काळ्या झालेल्या जमिनीवर मग पिवळसर फुलं टपोरी दिसतात, आणि आजूबाजूचंही मोकळं दिसतं. हे चूक आहे, यातून वणवे लागतात, म्हणून वनखात्याची सक्त मनाई आहे. गावात दरवर्षी दवंडी होते. बाया दरवर्षी ऐकतात आणि दरवर्षी जाळतात. मोठीमाय जाळण्याआधी झाडाभोवती हातभर पट्टा झाडून घ्यायची आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत डहाळी हातात धरून तिथेच बसायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी मी धुऱ्यावरून ड्रोन जंगलाकडे नेला. जंगलावर उडवायला परवानगी लागते हे मला माहीत होतं. मी उभा आमच्या शेतात, वर काय उडतं ते कोण पाहतं, असा माझा हिशेब. खाली उन्हाची पहिली तिरीप, झाडांच्या शेंड्यांवर धुकं, आणि त्यातून ठिकठिकाणी धुराच्या निळ्या बारीक रेघा वर येत होत्या. इतकं सुंदर दिसत होतं की मी खाली खाली गेलो. दोन फाट्यांचं झाड, काळा दगड, काळं वर्तुळ, त्यात वाकलेलं लाल लुगडं. मी ते एक गाणं लावून स्टेटसला टाकलं. चेहरा कोणाचाच दिसत नव्हता, म्हणून बिनधास्त होतो.

काय अक्कल गहाण ठेवली होती मी! ज्या गावात झाडावरून घर ओळखतात, तिथे मी चेहरा दिसत नाही म्हणून निश्चिंत.

त्याच आठवड्यात पलीकडच्या टेकडीवर वणवा लागला होता. तो कुठून लागला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठीमायचा मोह तिथून बराच अलीकडे. पण वनरक्षकाच्या हातात पुरावा म्हणून एकच गोष्ट आली होती, माझं स्टेटस. तिसऱ्या दिवशी मोठीमायला बोलावणं आलं. मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. ती वनखात्याच्या ऑफिसच्या ओट्यावर दिवसभर बसून राहिली, पदर डोक्यावर, नजर पायाच्या अंगठ्याकडे. वनरक्षक वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, चहा दिला आणि मग मोबाईल पुढे धरला.

"हा मोह कोनाचा, बाई?"

"माह्या होय."

एवढंच. खोटं बोलणं तिच्या डोक्यातही आलं नाही. मी दारात उभा होतो. वनरक्षकानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हिडिओ मस्त काढला कोनीतरी." मला विचारलं नाही, पण विचारल्यासारखंच होतं ते. मी उडवला, परवानगी नव्हती, ही वणवा लावणारी बाई नाही, ती विझेपर्यंत बसते, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण बोललो तर ड्रोन जप्त होणार. पुढच्या आठवड्यात तीन लग्नं होती. मी चप्पल आतबाहेर करत राहिलो आणि गप्प बसलो.

मोठीमायनं कागदावर अंगठा दिला. पुन्हा जाळलं तर गुन्हा दाखल होईल असं त्यात होतं. परत येताना सोळा किलोमीटर मी आरशात तिचा चेहरा शोधत होतो आणि तिनं तो पदरात ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती न जाळता वेचायला लागली. काळं वर्तुळ एकाच फाट्याखालचं होतं, बाकी सगळीकडे घोट्याच्या वर पाला. एकेक फूल शोधायचं म्हणजे जास्त वेळ वाकायचं. जुनी लुगडी अंथरली, ती पुरेनात. माझ्या जिवाची तगमग होत होती, म्हणून मी स्टुडिओतला मागचा पडदा काढून नेला. त्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि तळ्यात दोन हंस रंगवलेले. आमच्या भागातल्या निम्म्या जोडप्यांचे फोटो त्या बर्फासमोर निघालेले आहेत. तो मोहाखाली पसरला आणि त्यावर टपटप फुलं पडायला लागली.

मोठीमाय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "पाह्य ना बाबू, बर्फावर मोह पडून राह्यला." त्या ऑफिसनंतर ती पहिल्यांदा हसली होती. मला वाटलं, चला, सुटलो.

पण सुटलो नव्हतो. चार दिवसांनी नाल्याच्या रेतीत पंजे दिसले. मोठे, ताजे. आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. बाया तरी जातच होत्या. मोहाचे दिवस मोजके, ते घरी बसून गेले तर वर्षभर पस्तावायचं. एकत्र निघायच्या, आपापल्या झाडाखाली पांगायच्या आणि मधून मधून एकमेकींना हाळी द्यायच्या. हूऽऽ केलं की पलीकडून हूऽऽ यायचं. पूर्वी झाडाखाली काळी मोकळी जमीन असायची, काही आलं तर दिसायचं. आता पाला, झुडपं, करवंदीच्या जाळ्या. आणि त्यात माझी मोठीमाय तासन्‌तास वाकलेली, माझ्यामुळे. हे माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी ठरवलं की रोज सकाळी तिच्याबरोबर जायचं आणि आधी वरून पाहून घ्यायचं. एकदा परवानगीशिवाय उडवून तिला अडकवलं होतं, आता परवानगीशिवाय उडवूनच तिला वाचवणार होतो. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट छाती फुगली होती. मोह त्या दिवसांत निष्पर्ण असतो, वरून खालचं स्पष्ट दिसतं. मी नाल्यापर्यंत एक फेरी मारायचो, करवंदीवरून जायचो, दगडाला वळसा घालायचो आणि म्हणायचो, "काही नाई मोठेमाय, वेच तू." ती मान हलवायची आणि वाकायची. माझ्या शब्दावर वाकायची.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आजकाल वांदरं दिसून नाई राह्यली."

"मंग बरंच आहे ना. फुलं खात होते तुझे."

"खात होते." तिनं टोपली पुढे सरकवली. मग म्हणाली, "बायांची हाळीबी ऐकू येत नाई मले. तुझं ते लगित मोठ्यानं घुरघुरते ना."

"माझं वरून सगळं पाहून राह्यलं," मी म्हणालो. थोडा चिडूनच. इतकं करतो आहे आणि हिला वांदरांचं पडलं आहे.

त्यानंतरची सकाळ. ऊन लवकर तापलं होतं आणि रिमोटच्या पडद्यावर चकाकी येत होती. मी हाताची सावली धरून बघत होतो. नाल्याचा काठ, करवंदी, दगड. बॅटरीची टूंटूं सुरू झाली. दुपारी एक साक्षगंध होतं, साखरपुड्याचं शूटिंग, मन तिकडे धावत होतं. "काही नाई," मी म्हणालो आणि ड्रोन उतरवला. पंखे थांबले. मोठीमाय बर्फाच्या पडद्यावर वाकली.

पाच-सात मिनिटं झाली असतील. मी मोबाईलवर होतो. अचानक ती ताठ उभी राहिली. टोपली उचलली, पडदा तसाच टाकला आणि म्हणाली, "चाल."

"अर्ध्याच्या वर पडून आहे ना अजून."

"चाल म्हनलं ना. पळू नोको. माह्याकडं पाहून चाल."

ती नाल्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत होती. एका हातात टोपली, दुसरा माझ्या शर्टाला. पायवाटेवर आल्यावर तिनं लांब हाळी दिली, दोनदा, आणि इकडून तिकडून बाया आपापल्या टोपल्या घेऊन बाहेर आल्या. कोणी काही विचारलं नाही. मी मात्र रस्ताभर कुरकुरत होतो. पडदा राहिला, साक्षगंधाला उशीर होतो आहे, काही नव्हतं तिथे, मी स्वतः पाहिलं.

साक्षगंध उरकून चारच्या सुमारास स्टुडिओत आलो. कार्ड रिकामं करायचं म्हणून सकाळचं चित्रण संगणकावर लावलं. मोठ्या पडद्यावर, सावलीत, चकाकी नसताना. करवंदीच्या जाळीच्या खालच्या अंगाला पाला थोडा वेगळा दिसला. मी थांबवलं. मोठं केलं. पाल्याला कान होता.

पाठ, पट्टे, पुढच्या पायांवर ठेवलेलं डोकं. तो वर बघत होता. सरळ माझ्या कॅमेऱ्यात. पुढच्याच क्षणी चित्र दगडाकडे सरकलं, म्हणजे मी तिकडे वळवलं होतं. ड्रोनमध्ये आवाज येत नाही, पण त्या जागी मी काय बोललो होतो ते मला ऐकू येत होतं. काही नाई. करवंदी ते मोहाखालचा पडदा, चाळीस पावलं. मी ते चित्रण लॅपटॉपवर घेतलं.

लॅपटॉप घेऊन तसाच गावी गेलो. मोठीमाय अंगणात फुलं पसरत होती. तिला शेवग्याखाली बसवलं आणि दाखवलं. तिनं डोळे बारीक केले, मग बोट ठेवलं.

"होय. तिथंच होता."

"तुले माहीत होतं?"

"तुझं मशीन उतरलं, मंग थोड्या वेळानं सातभाई बोंबलले. करवंदीवर. ते उगाच नाई बोंबलत. वांदरं राह्यले असते तं आधीच कळलं असतं." सातभाई म्हणजे ती सात-आठ जणांनी घोळक्यानं फिरणारी भुरी पाखरं. रोज मी त्यांच्या डोक्यावरून घरघर करत होतो, आणि खाली त्यांचं बोलणं ऐकणाऱ्या बाईला सांगत होतो की मी पाहतो आहे.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू पळाला असता. तुले कुठी थांबता येते?"

ती लॅपटॉपकडेच बघत होती. चित्र पुढे सरकलं. दगड, बर्फाचे डोंगर, आणि त्यावर लाल काहीतरी.

"हे का होय?"

"तू होय, मोठेमाय. वाकून आहेस."

ती लॅपटॉपवर आणखी वाकली. "अशी दिसतो मी?" मग स्वतःशीच म्हणाली, "डोकं नाई, हात नाई. चार पायाचं जनावर दिसून राह्यलो. त्याचा तरी का दोष मंग."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, त्या दिवशी ऑफिसात मी बोलायला पाहिजे होतं. परवानगी नव्हती. ड्रोन जाईल म्हणून गप्प राहिलो. तुझा अंगठा माझ्यामुळे लागला.

तिनं दोन फुलं उचलून उन्हात सरकवली. "मले माहीत होतं ना. तुझी चप्पल वाजून राह्यली होती दारात. मी म्हनलं, हा आता बोलन, मंग बोलन." तिनं आणखी एक फूल सरकवलं. "मशीन गेलं असतं तं तू का केलं असतं? जाऊ दे."

जाऊ दे म्हणाली, पण माझं काही गेलं नाही. तिनं दिवसभर त्या ओट्यावर बसून माझ्या बोलण्याची वाट पाहिली होती. वनरक्षकाला मी नंतर जाऊन खरं सांगितलं. त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं, जंगलावर पुन्हा उडवणार नाही म्हणून. तिचा कागद तिथेच राहिला, आणि मी पडलो घाबरट, त्याच्यावर फुली मारा असं म्हणायला आणखी चार दिवस लागले. तो म्हणाला, वर पाठवतो. अजून वरच आहे.

ड्रोन अजून आहे. लग्नात उडतो. जंगलाच्या बाजूला मी त्याची पेटीही उघडत नाही.

आठ दिवस कोणी नाल्याकडे गेलं नाही. मग पंजे दूरच्या तलावाकडे दिसले आणि बाया पुन्हा निघाल्या. मी मोठीमायला म्हणालो, मी येतो, बसतो तुझ्याजवळ.

"बसू नोको," ती म्हणाली. "तुले बसवत नाई, चांगलं आहे. तू उभा राह्य. माह्याकडं पाठ कर आन उभा राह्य. उभ्या मानसावर तो येत नाई. आन कान दे."

तेव्हापासून मोहाच्या दिवसांत सकाळचे दोन तास मी उभा असतो. मागे बर्फाच्या पडद्यावर फुलं पडतात. मला ती दिसत नाहीत आणि मोठीमायही दिसत नाही. मागे वळायचं नाही असा तिचा दम आहे, कारण मागे वळलो की पुढचं सुटतं. पाय नुसते शिवशिवत असतात. वांदरं परत आली आहेत आणि फुलं खातात. सातभाई करवंदीवर कचकच करतात, आणि त्यातली भांडणाची कोणती आणि भीतीची कोणती हे मला अजून नीट कळत नाही. म्हणून मी थोड्या थोड्या वेळानं हाळी देतो, हूऽऽ. झाडाझाडांतून बायांची उत्तरं येतात, आणि शेवटी मागून, अगदी जवळून, तिची.

काल उत्तर आलं नाही. एक श्वास गेला, दोन गेले. वळायचं नाही म्हणून मी वळलो नाही, पण मानेवरून घाम सरकला. पुन्हा हाळी दिली. माझा आवाज चिरका निघाला.

"आहो ना बाबू, आहो," ती मागून म्हणाली. "तोंडात फूल होतं."